बेळगावच्या उद्यमबागेत गाडीच्या मागच्या स्प्रिंगा बदलून घेतल्या: काम चोख, बाकी थोडी तक्रार

गाडी जमिनीला टेकलेली दिसावी, एवढंच हवं असेल तर या वर्कशॉपमध्ये जाऊ नका. मामा चहा पाजतील, गाडीभोवती एक फेरी मारतील आणि परत पाठवतील. माझ्या भाच्याला त्यांनी असंच परत पाठवलं होतं. तेव्हा तो आईची स्विफ्ट खाली करून घ्यायला गेला होता आणि आईला त्याचा पत्ताही नव्हता.

वर्कशॉपचं नाव लिहीत नाही, कारण मामांनीच बजावलंय, "नाव घालू नका अक्का, कॉलेजची पोरं बुलेटचे शॉकअप काखेत मारून येत्यात." खानापूर रोडने तिसरं रेल्वे गेट ओलांडून उद्यमबागेत शिरा आणि कुठल्याही फाउंड्रीच्या दारात स्प्रिंगवाले मामा विचारा, कुणीही बोट दाखवेल. दोन शेडच्या मधल्या बोळात पत्र्याचं छप्पर, एक जुना लेथ, एक हायड्रॉलिक प्रेस, एक भट्टी. मुख्य धंदा पंपांच्या आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा गुंडाळून देण्याचा. गाड्यांचं काम हौसेचं, आणि तेही मन असेल तेव्हा.

आता आमची गाडी. लोटस सेव्हनच्या धर्तीवर माझ्या भावाने घरामागच्या शेडमध्ये बांधलेली दोन सीटची उघडी गाडी आहे. मूळ सेव्हन १९५७ सालची, कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीची. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले आणि त्याच घडणीच्या गाड्या ते अजून विकतात. जगभर हौशी लोक तसल्या गाड्या घरी बांधतात, कारण सगळं उघडं आणि सोपं असतं: चौकोनी पाइपांचा सांगाडा, पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, दार नाही, छत नाही. आमच्या गाडीत मारुती जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन, तिचाच गिअरबॉक्स आणि तिचाच मागचा अ‍ॅक्सल आहे. जिप्सीत तो अ‍ॅक्सल पाट्यांच्या स्प्रिंगवर असतो. भावाने पाटे काढून दोन्ही बाजूंना आडवे दांडे दिले, अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक पॅनहार्ड रॉड टाकला आणि वर तिरके उभे केलेले स्प्रिंगसकट शॉकअप बसवले. गाडीची नोंदणी नाही, त्यामुळे ती रस्त्यावर येत नाही. टेम्पोत घालून ओळखीच्या एका कारखान्याच्या आवारात नेतो, तिथे शंकू मांडून चालवतो. बांधली भावाने, चालवते मी. मी पीयू कॉलेजात (अकरावी-बारावीला) फिजिक्स शिकवते, त्यामुळे पुढे एक-दोन सूत्रं येतील. ती गाळून वाचलं तरी चालेल.

दुखणं असं होतं. डावीकडे वळताना मागची चाकं सुटायची, उजवीकडे वळताना मात्र नाक ऐकायचं नाही, गाडी सरळ ओढायची. खडबडीत सिमेंटवर ब्रेक मारला की मागचा भाग टणाटण उडायचा. भाच्याचं निदान तयार होतं: मागून गाडी उंच आहे, दोन इंच खाली घ्या. त्याने टेप लावून मागचे दोन्ही कोपरे मिलिमीटरपर्यंत सारखे केलेले होते आणि त्यावर त्याचा फार विश्वास होता.

मामांनी टेपकडे बघितलंसुद्धा नाही. "आधी हवा बघूया." चारही टायरची हवा बघून मागे-पुढे सारखी करून घेतली. मग गाडीच्या खाली चार प्लॅटफॉर्म काटे आले, एपीएमसीत गुळाच्या ढेपा मोजायला असतात तसले. दोन त्यांचे, दोन शेजारच्या शेडमधून उसने. जमीन वाकडी आहे हे त्यांना पाठच आहे, तरी गवंड्यांची पाण्याची लेव्हल नळी घेऊन चारही काट्यांचे माथे एका पातळीत आणले, जिथे कमी तिथे पत्र्याचे तुकडे सारले. पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कमी कलावी म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) एका टोकाने सोडवला, कारण तो जोडलेला असताना काटे खोटं बोलतात. गाडी काट्यावर चढवण्याआधी ढकलून मागे-पुढे केली, नाहीतर जॅकवरून उतरलेली चाकं आतबाहेर अडकून राहतात आणि उंची चुकीची दिसते. टाकीत पेट्रोल निम्मं.

मग सगळ्यांसमोर मला विचारलं, "अक्का, वजन किती तुमचं?"

सांगण्यापेक्षा मी सरळ सीटवर जाऊन बसले. उपयोग शून्य. आधीच्या आणि नंतरच्या बेरजेतून सगळ्या वर्कशॉपला आकडा कळलाच. पण विचारणं बरोबर होतं. साडेसहाशे किलोच्या आतबाहेरच्या गाडीत उजव्या बाजूला, मागच्या अ‍ॅक्सलच्या जवळजवळ पुढ्यातच बसलेलं माणूस म्हणजे गाडीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास वजन. मोठ्या गाडीत ते खपून जातं, इथे नाही.

काट्यांनी दाखवलं ते असं: पुढे डावीकडे १७८, पुढे उजवीकडे १७६, मागे डावीकडे १५८, मागे उजवीकडे १८८. एकूण ७०० किलो. मामांनी खडूने जमिनीवर चौकोन काढून आकडे लिहिले, एका कर्णाची बेरीज केली (पुढचं उजवं आणि मागचं डावं, ३३४, म्हणजे ४७.७ टक्के) आणि गाडी एक इंचही न चालवता म्हणाले, "डावीकडं वळताना मागनं सुटते. उजवीकडं वळताना पुढनं ऐकत न्हाई. होय की नाही?"

आम्ही अजून काही सांगितलं नव्हतं. भाचा फक्त उंचीबद्दल बोलत होता. या एका वाक्यासाठी मी या माणसाला पाचपैकी पाच देते, बाकीची वजावट पुढे करीन.

कारण समजायला अवघड नाही. चौरंगाचा एक पाय आखूड असला की तो कर्णावरच्या दोन पायांवर तोलतो आणि डुगडुगतो. गाडीत स्प्रिंगा असल्याने डुगडुग दिसत नाही, पण वजन एका कर्णावर जास्त, दुसऱ्यावर कमी बसतं. आमचं जास्तीचं वजन डावं पुढचं आणि उजवं मागचं अशा कर्णावर होतं. डाव्या वळणात गाडी एक वागते आणि उजव्या वळणात दुसरीच, ते त्यामुळे. मागचे दोन्ही कोपरे टेपने सारखे दिसणं आणि त्यांच्यावर वजन सारखं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय स्प्रिंगांची चाकी (शॉकअपवर आट्यांनी वर-खाली होणारी, स्प्रिंग जिच्यावर टेकते ती कडी) कितीही फिरवली तरी डाव्या दोन चाकांची बेरीज (आमची ३३६) बदलत नाही, मागच्या दोन चाकांची बेरीजही (३४६) बदलत नाही. त्या बदलायच्या तर बॅटरी उचलून दुसरीकडे ठेवा, नाहीतर चालवणारा बदला. चाकी फिरवून बदलतो तो फक्त कर्ण. इंटरनेटवर "मागून वर केली की वजन पुढे जातं" असं ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात. पाव-अर्धा इंचात जातं ते इतकं कमी की गुळाच्या काट्याला कळणारही नाही.

मग स्प्रिंगा सोडवल्या. शॉकअप आणि स्प्रिंगा आम्ही बाहेरगावाहून एका दुकानातून जोडीने मागवल्या होत्या. तारेची जाडी १० मिमी, वेटोळ्याचा सरासरी व्यास ७४, कामाची वेटोळी सात. सूत्र असं: तारेच्या जाडीचा चौथा घात गुणिले पोलादाचा कातर-गुणांक (७९,००० न्यूटन प्रति चौरस मिमी), भागिले व्यासाच्या घनाच्या आठपट गुणिले वेटोळी. उत्तर येतं ३४.८ न्यूटन प्रति मिमी. मामांनी त्या प्रेसखाली काट्यावर ठेवून दाबल्या. उजवी ३४.६, डावी ३१.९. एकाच डब्यातून आलेल्या जोडीत आठ टक्क्यांचा फरक! दुकानाचं नाव लिहीत नाही, पण जोडी म्हणून विकलेली स्प्रिंग बसवण्याआधी कुणाकडून तरी दाबून घ्या, एवढं सांगते. दोनशे रुपयांचं काम आहे.

इथपर्यंत मामा सगळी उत्तरं भाच्याला देत होते. प्रश्न मी विचारायचा, उत्तर भाच्याला. हे बेळगावात नवीन नाही आणि मामा वाईट माणूस नाहीत, पण परीक्षण आहे तर लिहिते. खडू मी घेतला आणि जमिनीवर हिशेब मांडला तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. पुढे मग इतकं बोलले की भाचा टपरीवर जाऊन बसला.

हिशेब असा. मागचं ३४६ किलो, त्यातून अ‍ॅक्सल, ड्रम आणि चाकं मिळून १०४ किलो स्प्रिंगच्या खालची वजा केली की २४२ उरतात, म्हणजे एका स्प्रिंगवर १२१ किलो. शॉकअप उभा नाही, उभ्या रेषेपासून ३० अंश कललेला आहे, त्यामुळे चाकाला स्प्रिंगचा पूर्ण जोर मिळत नाही, कोसाइनच्या वर्गाइतका मिळतो, तो इथे पाऊण. म्हणजे सरासरी ३३ ची स्प्रिंग चाकाला २५ चीच वाटते. त्यावर १२१ किलो ठेवले की गाडी ४८ मिमी दबते, आणि दबण्यावरून गाडी सेकंदाला किती वेळा हेलकावते ते सरळ निघतं: सुमारे १५.८ भागिले दबलेल्या मिमीचं वर्गमूळ. आमचं उत्तर २.३. साध्या घरगुती गाड्या एक ते दीडच्या दरम्यान असतात. डांबरी रेसट्रॅकवर २.३ चालेल, कारखान्याच्या आवारातल्या भेगाळलेल्या सिमेंटवर नाही. त्यातून जिप्सीचा अ‍ॅक्सल, जंगलात वापरायच्या गाडीचा, म्हणजे वरच्या २४२ किलोला खालचे १०४. खालचं इतकं जड असलं की कडक स्प्रिंगने ते आवरत नाही, ते आपलं वेगळं उडत राहतं. ब्रेकखालची टणाटण तीच.

भाच्याचा मुद्दा राहिलाच होता. त्याचं म्हणणं, चाकी फिरवून स्प्रिंग दाबून ठेवली की ती कडक होते, सैल सोडली की मऊ. असं समजणारे पुष्कळ आहेत, चांगले मेकॅनिकसुद्धा. मामांनी त्याला टपरीवरून बोलावून प्रेसखाली दाखवलं. स्प्रिंग आधी मोकळी, मग पाव इंच दाबलेली, आणि दोन्ही वेळा पुढच्या दहा मिलिमीटरला लागणारं वजन तेवढंच. "कडक होत न्हाई गा, गाडी वर येते. बस्स." आमच्या शॉकअपच्या आट्यांची पिच २ मिमी आहे, म्हणजे चाकीचा एक फेरा दोन मिलिमीटर. शॉकअप तिरका असल्याने चाकी १० मिमी वर घेतली तर गाडी साधारण साडेअकरा मिमी उचलली जाते. स्प्रिंगचा कडकपणा बदलायचा तर तार, व्यास किंवा वेटोळी बदलावी लागतात. तार ९ ऐवजी १० घेतली तर कडकपणा दीडपट होतो, इतका त्या चौथ्या घाताचा जोर.

वेटोळं कापायचं काय, असं भाच्याने हळूच विचारलं. कापलं की स्प्रिंग आखूडही होते आणि कडकही, कारण वेटोळी भागाकारात खाली असतात. आठातलं एक गेलं की चौदा टक्के वाढ. शिवाय आपल्याकडे कापतात गॅसने. त्या आचेने तारेचं पाणी, म्हणजे टणकपणा, उतरतं आणि ती जागा पुढे बसत जाते. मामांच्या कोपऱ्यात अशा कापलेल्या, काळ्यानिळ्या पडलेल्या स्प्रिंगांचा ढीग आहे. गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवलाय.

नव्या स्प्रिंगा त्यांनीच गुंडाळल्या. क्रोम व्हॅनेडियमची ९ मिमी तार, आतला व्यास जुन्याइतकाच ६४ म्हणजे सरासरी ७३, कामाची वेटोळी साडेसात, मोकळी लांबी २३०. कागदावर २२.२. लेथवर लोखंडी गजावर तार गुंडाळताना बघण्यासारखं असतं. हेल्पर पोरगा तार धरून उभा, मामा फेऱ्या मोजत, आणि दोघांत सगळं कन्नडमध्ये: "स्वल्प... स्वल्प... साकु." (थोडं, थोडं, पुरे.) आमच्याशी मराठी, पोराशी कन्नड, लेथला कुठली शिवी दिली ते कळलं नाही. गुंडाळून झाल्यावर तारेतला ताण काढायला साडेतीनशे-चारशे अंशांच्या भट्टीत, मग दोन्ही टोकं ग्राइंडरवर सपाट, आणि शेवटी प्रेसखाली वेटोळ्याला वेटोळं टेकेपर्यंत पुन्हा पुन्हा पूर्ण दाबणं. हे शेवटचं काम अनेक जण करत नाहीत. नवी स्प्रिंग पहिल्या काही दाबांत थोडी बसते. ती प्रेसखाली बसली तर ठीक, गाडीखाली बसली तर आज लावलेली उंची महिन्यात गेली. काट्यावर एक २१.८, दुसरी २१.९. फॅक्टरीच्या जोडीपेक्षा बोळातली जोडी जास्त जुळली.

चाकाला आता सुमारे साडेसोळा, गाडी ७० मिमीच्या वर दबते, हेलकावा १.९ च्या आत. स्प्रिंग एवढी मऊ केल्यावर शॉकअपचा परतीचा जोरही (दबलेली स्प्रिंग परत उसळताना तिला आवरणारा) कमी करावा लागतो, साधारण कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे इथे अठरा-एकोणीस टक्के. मामांनी हे गणिताने केलं नाही. मागच्या बाजूला जोर देऊन गाडी दाबली, सोडली, एकदा वर येऊन जागेवर थांबते का बघितलं आणि नॉब फिरवत गेले. माझ्या आकड्याजवळच पोचले असावेत. मोजायचं साधन दोघांकडेही नव्हतं.

उंचीवर मात्र खरी खडाखडी झाली. भाच्याला खालचा पाइप जमिनीपासून ९० मिमीवर हवा होता. मामांनी शॉकअपचा दांडा दाखवला. एकूण चाल ११० मिमी. गाडी उभी असताना त्यातली निदान तिसरा हिस्सा चाल चाक खाली लोंबायला राखली पाहिजे, उरलेली दबायला. ९० वर आणलं तर दबायला उरते ती चाल एका खड्ड्यात संपते, रबरी ठोकळा टेकतो आणि त्या क्षणी स्प्रिंग असून नसल्यासारखी. वळणात असं झालं की मागचं चाक एका झटक्यात सुटतं. मी बसलेली असताना मागे १३०, पुढे ११५, असं ठरलं. मागून थोडी चढ ठेवायचीच असते. भाच्याने तोंड पाडलं. ते त्याने ठेवलंय अजून.

नव्या स्प्रिंगा आणि दोन्ही चाक्या सारख्या ठेवून पुन्हा काट्यावर घेतली तर कर्ण ४८.३ वर आला. मग डावी चाकी तीन फेरे वर, उजवी तीन फेरे खाली. पुढे डावीकडे १७०, उजवीकडे १८४, मागे डावीकडे १६६, उजवीकडे १८०. दोन्ही कर्ण ३५०-३५०. डावी-उजवी, मागची-पुढची बेरीज जिथल्या तिथे. त्या क्षणी मी जरा मोठ्याने हसले असावे, कारण शेजारच्या शेडमधली दोन माणसं बघायला आली.

याची किंमत अशी की मागचा डावा कोपरा आता उजव्यापेक्षा दोन सूत (पाव इंच) वर दिसतो. चारही कोपऱ्यांत थोडं थोडं वाटून फिरवलं असतं तर कर्णही जुळला असता आणि गाडीही सरळ राहिली असती. पण आमच्या पुढच्या शॉकअपला आटेच नाहीत, भावाने ते मोटारसायकलचे स्वस्तात घेतलेत. मामांचा दोष नाही. भावाला हे वाचायला पाठवणार आहे.

उंची बदलली की पॅनहार्ड रॉड बघायला हवा, आणि मी आठवण करायच्या आतच मामा खाली गेलेले होते. हा रॉड एका टोकाने अ‍ॅक्सलला, दुसऱ्या टोकाने सांगाड्याला. गाडी वर-खाली होताना त्याचं टोक वर्तुळात फिरतं, म्हणजे अ‍ॅक्सल किंचित बाजूला सरकतो. गाडी उभी असताना रॉड आडवा असेल तर आमच्या ९०० मिमी लांबीला ३० मिमी उसळीत अर्धा मिलिमीटरच सरकतो. आधीच तिरपा असेल तर कितीतरी जास्त, आणि वर जाताना एका बाजूला, खाली येताना दुसऱ्या. नव्या उंचीला आमचा रॉड तिरपा झाला होता. मामांनी सांगाड्याकडचा कान दुसऱ्या भोकात घेतला, दोन्ही बाजूंना ओळंबा सोडून सांगाडा ते चाक अंतर मोजलं आणि टोकाचा बेअरिंगचा आटा फिरवून अ‍ॅक्सल मधोमध आणला. टोकाचं बेअरिंग खिळखिळं होतं, तेही बदललं. अँटी-रोल बार सर्वांत शेवटी, तोही दुवा लांब-आखूड करून, बळजबरीने बोल्ट न घालता. असा बळजबरीचा एक बोल्ट मघाची सगळी काट्यावरची मेहनत घालवतो.

चालवून बघितलं त्याच आवारात. डावी आणि उजवी वळणं आता एकाच गाडीची वाटतात. भेगांवर ब्रेक मारला तर उडणं बरंच कमी झालंय, गेलेलं नाही. तो जड अ‍ॅक्सल आहे तोवर जाणारही नाही. गाडी वळणात पूर्वीपेक्षा जास्त कलते, पहिल्यांदा ते घाबरवतं. पण मागची पकड कुठे सुटणार ते आता आधी कळतं, पूर्वी सुटल्यावर कळायचं.

खर्च: स्प्रिंगांची जोडी ३,८०० रुपये, वजनं-उंचीची मजुरी ३,५००, रॉडचं बेअरिंग ६५०. एकूण ७,९५० आणि वर जीएसटी. बाहेरून पुन्हा चांगली जोडी मागवली असती तर नुसत्या स्प्रिंगांना याहून जास्त गेले असते, आणि त्या कुणी दाबून बघितल्या नसत्या.

तक्रारी. तारीख पाळत नाहीत. सांगितलेल्या दिवशी गेलो तर आमची तार भट्टीबाहेर आणि भट्टीत एका पंपवाल्याचा माल. बसायला खुर्ची नाही, बायकांसाठी संडास नाही, त्या बोळात दुपारी पत्र्याखाली उभं राहवत नाही. आकडे जमिनीवर खडूने लिहितात आणि संध्याकाळी पोरगा झाडून टाकतो, लेखी काही देत नाहीत. मी मोबाइलवर फोटो काढून ठेवले म्हणून वरचे सगळे आकडे आहेत. स्प्रिंगांना रंग देत नाहीत, आपल्याकडच्या पावसात उघड्या गाडीखाली त्या गंजणारच. तेव्हा घरी आणल्या आणल्या स्वतः रंग लावा, पण प्रायमर आधी. चाक आत-बाहेर कललंय का, सरळ आहे का, हे बघायचं यंत्र त्यांच्याकडे नाही. आमच्या मागच्या सरळ अ‍ॅक्सलला त्याची गरज पडली नाही, पण ज्यांच्या गाडीला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आहे त्यांनी उंची बदलल्यावर ते वेगळं करून घ्यावं, कारण तिथे उंचीबरोबर चाकाचा कोन आणि दिशा दोन्ही बदलतात.

जाताना शॉकअपच्या चाकीला बसणारा तुमचा स्वतःचा हुक पाना न्या, मामांचा सगळ्या मापांना बसत नाही आणि मग ते छिन्नी-हातोडीवर येतात. गाडी जो चालवणार त्यालाच न्या. आणि पावती हवी असेल तर काम सुरू व्हायच्या आधी सांगा, नंतर पावतीपुस्तक सापडत नाही.